पाय कोणी कोणाचे धुवायचे

माझ्या लग्नाला दोन मांडव होते. एक रोहण्यात, माझ्या बापाच्या दारात, आंब्याच्या डहाळ्यांचा. दुसरा केळझरच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गोंड वस्तीत, मोहाच्या आणि जांभळीच्या फांद्यांचा. दोन्ही मांडवांत एकाच दिवशी माणसं नटूनथटून बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती. रोहण्यातले नवरदेवाची वाट बघत होते, तिकडचे नवरीची. मधे सत्तर-ऐंशी किलोमीटरचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर आमचं कोणीच नाही.

हसा, हसा. मीही आता हसते. त्या दिवशी मात्र बाशिंग बांधून घामानं निथळत बसले होते आणि मनात म्हणत होते, आज कोणाचं तरी काही खरं नाही.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी बोरगाव मेघेत एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे आणि जवळच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवायचे. आमच्या कुणब्याच्या घराण्यात पगार आणणारी मी पहिली मुलगी. त्याचा तोरा होताच मला, नव्हता असं म्हणणार नाही. शेजारच्या वर्गात चौथीला शिकवणारे गुरुजी गोंड समाजाचे. घरी गोंडी बोलायचे, शाळेत मराठी, आणि माझ्याशी पहिलं वर्षभर काहीच बोलत नव्हते. प्रेमाची गोष्ट सांगायला मी बसलेली नाही. एवढंच सांगते, की दोन वर्षं आमच्यात एक भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडून त्यांचा आवाज एकदाही पोरांवर चढलेला मी ऐकला नाही. माझा रोज चढायचा. मला असाच माणूस पाहिजे होता. मग मीच विचारलं. ते हाताला लागलेला खडू पुसत पुसत म्हणाले, "बाई, घरी विचारा आधी."

दिवाळीच्या सुट्टीत रोहण्याला गेले आणि दुसऱ्याच दिवशी बाबांना सांगितलं. ते गोठ्यात बैलांना ढेप चारत होते. आडवळणानं बोलायची सवय आमच्या घरात नव्हती, मलाही नव्हती.

"कोन जातीचा?"

"गोंड आहेत."

बाबांनी ढेपेची टोपली खाली ठेवली. "तुह्यं डोस्कं फिरलं का? यासाठी शिकवलं तुले?"

मग जे बोलायचं ते सगळं बोलून झालं. सोयरे काय म्हणतील, गाव काय म्हणेल, धाकट्या चुलतबहिणींना कोण पदरात घेईल. मी प्रत्येकाला उत्तर देत होते, आणि मी उत्तर देते म्हणून ते आणखी भडकत होते. शेवटी जे आत होतं ते बाहेर आलं.

"अन् त्याचे पाय मी धुवू? त्या गोंडाच्या पोराचे? त्याच्या बापापुढं वाकू? जल्मभर?"

आमच्यात मुलीच्या बापानं नवरदेवाला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, पुसायचे, व्याह्यापुढं हात जोडायचे. आणि हे त्या एका दिवसापुरतं नसतं. मुलगी दिली त्या दिवसापासून तिच्या माहेरानं कमरेत वाकायचं ते मरेपर्यंत. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, केळझरला राहायचे. बाबा सासरवाडीला गेले की तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा तांब्या घेऊन दारात यायचा आणि वाकून बाबांच्या पायांवर पाणी घालायचा. बाबा तेव्हा दुसऱ्याच कोणाशी पीकपाण्याचं बोलत असायचे. पाय पुढं, तोंड भलतीकडं. मी हे लहानपणापासून बघत आले होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

त्या सुट्टीनंतर बाबा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी शनिवारी एसटीनं रोहण्याला जायची, ते समोर असून आईला विचारायचे, "तिले चहा पाह्यजे का विचार." मी आईला म्हणायची, "पाहिजे म्हणावं." आई बिचारी दोघांच्या मधे कपबशी घेऊन उभी. मी कोर्टात जाऊन लग्न लावू शकत होते. सज्ञान होते, कमावती होते, गुरुजींची तयारी होती. पण मला माझा बाप माझ्या लग्नात पाहिजे होता. त्याच्याशी भांडायचं तर तो समोर पाहिजे ना! त्याला टाकून सुखी व्हायचं असतं, तर इतकी भांडलेच नसते.

शेवटी मधे पडला मामा. केळझरचा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, गुरुजींच्या वस्तीत त्याचं येणंजाणं होतं. माणूस लाख मोलाचा, पण तोंडातून 'नाही' हा शब्द कधी निघाला नाही. दोन-तीन महिने तो इकडून तिकडं फिरत राहिला, आणि एका सकाळी बाबा माझ्याशी थेट बोलले.

"लग्न लावून देतो. माह्या दारात, माह्या रीतीनं. पण पाय धुवाच्या टायमाले मी गोठ्यात जाऊन बसीन. तुह्या मामाले सांग धुवाले."

"मग मला नको असं लग्न."

"मंग काय पाह्यजे तुले?"

"तुम्ही मांडवात पाहिजे. शेवटपर्यंत. डोळे मिटून बसा, पण बसा."

बाबा उपरणं झटकून शेतात निघून गेले. लग्नाची तारीख ठरली, बाजार झाला, मांडव पडला, तरी या एका गोष्टीचं उत्तर मला मिळालं नव्हतं. पाय धुवायची वेळ आली की माझा बाप उठून गोठ्यात जाणार की नाही, या एकाच विचारात मी ते दिवस काढले.

तिकडेही काही माझी आरती ओवाळायला कोणी बसलं नव्हतं. गुरुजींच्या आईनं साफ सांगितलं होतं, "बाहेरची पोर आमच्या देवाले कशी चालन?" त्यांच्या पंचांनी समाजाला जेवण घालायला लावलं, तेव्हा कुठं मान्यता दिली. आणि त्यांचीही अट होती, की लग्न आमच्या दारात, आमच्या रीतीनं. त्यांच्यात नवरदेव वाजतगाजत जात नाही. मुलीकडचेच मुलीला घेऊन मुलाच्या गावी येतात आणि लग्न तिथं लागतं. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. गुरुजींना आमची रीत माहीत होती, पण मामानं त्यांना सांगून ठेवलं होतं, "भाऊजी पोरगी घेऊन येतात, तुमी बिलकुल काळजी करू नका." आणि इकडे बाबांना सांगितलं होतं, "नवरदेव बरोबर येते भाऊजी, तुमी बिलकुल काळजी करू नका."

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही दोघं शिकलेले, एकमेकांना विचारलं कसं नाही? परीक्षा संपल्या, ते त्यांच्या गावी गेले, मी माझ्या. मला वाटलं, लग्न मुलीच्या दारात होतं, यात काय विचारायचं! त्यांना वाटलं, सासऱ्यांनी मोठ्या मनानं ऐकलं आहे, उगीच तोच विषय कशाला उकरायचा. पोरांना नकाशे शिकवणारे आम्ही दोन मास्तर! पत्रिका छापली असती तर सगळं उघड झालं असतं. पण बाबांनी पत्रिका छापू दिली नव्हती. "त्याईचं नाव छापून गावात वाटू का मी?" असं म्हणाले होते.

वैशाखातला दिवस. मुहूर्त साडेअकराचा. आदल्या संध्याकाळी नवरदेवाची उष्टी हळद यायची, ती आलीच नाही. आईनं विचारलं तर मामा म्हणाला, "त्याईच्यात तशी रीत नाई वं." आईनं घरचीच हळद भिजवून मला लावली. मला वाटलं, असेल. सकाळी दहा वाजता वाजंत्री येऊन बसले. भावकीतले अर्धे आले नव्हते, उरलेले मजा बघायला आले होते. आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, सगळं तयार होतं. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बारा वाजता वाजंत्र्यांनी बिड्या पेटवल्या. मागच्या बायका आधी कुजबुजत होत्या, मग मोठ्यानं बोलायला लागल्या, "येत नाई वाट्टे थो आता."

मी आतल्या खोलीत पाटावर बसले होते. भीती वाटली का? वाटली. गुरुजी दगा देणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच भीती वाटली, की एसटी उलटली की काय. तेवढ्यात दारातून मामा दिसला. चेहरा पार उतरलेला, टोपी हातात. त्याला बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तशीच उठून बाहेर आले.

"मामा, काय केलंस तू?"

मामा बाबांच्या पुढ्यात उभा राहिला. "भाऊजी... त्याईच्यात नवरीले घेऊन तिकडं जा लागते. ते तिकडं वाट पाहून राह्यले असन."

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलला काऊन नाई, भल्या मानसा?"

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्यापुढं मी कधी नाई म्हनलं का भाऊजी? चोवीस वर्सं झाले. आमी पोरगी देनारे. मले जमतच नाई. त्याईले बी पोरगीच देऊन राह्यलो ना आपन, म्हनून त्याईले बी हो म्हनलं."

बाबांनी हात उगारला होता तो तसाच खाली आणला. मग मामाला सोडून ते भरल्या मांडवात ओरडले, "मी पोरीले घेऊन त्याईच्या दारात जाऊ? भीक मांगाले? लग्न मोडलं! जेवा अन् घरी जा सगळे!"

आणि मग माझी आई बोलली. चोवीस वर्षं जी बाई नुसती कपबशी घेऊन उभी होती, ती मांडवाच्या खांबाला धरून म्हणाली, "पोरीच्या आंगाले हळद लागली हाय. ते धुऊन काढता येते का? तुमी नाई येत तर नका येऊ. मी चालली."

"तू कुठं चालली? बाईमानसानं लग्न लावलं का कधी?"

"आज लावते."

मी तर तोपर्यंत समोरच्या घरी पोचलेसुद्धा होते. तिथल्या कास्तकाराचा ट्रक होता, कापूस वाहायचा. उन्हाळ्यात रिकामाच उभा असायचा. मी नवरी, शालू नेसलेली, बाशिंग बांधलेली, त्यांना म्हणाले, "काका, ट्रक काढा. डिझेल माझ्याकडून." ते आधी घाबरले, मग हसायला लागले, मग किल्ली घेऊन उठले. ट्रकमध्ये सतरंज्या टाकल्या, बुंदीचं मोठं गंज-पातेलं चढवलं, आई चढली, मामा चढला, चार मावश्या-काक्या चढल्या. वाजंत्रीही चढले, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी वरूनच बाबांकडं बघत राहिले. हाक मारणार नव्हते. मारली असती तर रडू आलं असतं, आणि मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

ट्रक सुरू झाला तेव्हा बाबा आले. ड्रायव्हरशेजारी बसले आणि दार आपटून लावलं.

पुलगाव गेलं, वर्धा गेलं, सेलू गेलं. ऊन मी म्हणत होतं. बाशिंगाचा कागद घामानं कपाळाला चिकटला. वाजंत्र्यांनी एकदा वाजवायला घेतलं तर पुढून बाबांनी हात बाहेर काढून बंद करायला लावलं. केळझर आलं. आजोबांच्या घराकडं जाणारी वाट मागं पडली. उन्हाचं एवढ्या लांब झेपणार नाही म्हणून त्यांना रोहण्याला आणलं नव्हतं. आईनं त्या वाटेकडं मान वळवून बघितलं, पण ट्रक थांबवा म्हणाली नाही, आणि बाबांच्या ते मनातही आलं नसावं.

चार वाजायला आले होते. वस्तीच्या शिवेवर माणसं उभी होती, सकाळपासून. बायका, पोरं, ढोलवाले, सगळे पळसाच्या सावलीत. ट्रक दिसल्याबरोबर जो ढोल वाजला, तो ऐकून मी ट्रकमध्येच उठून उभी राहिले. आहेत, सगळे आहेत! पण बाबा खाली उतरले आणि थिजून उभे राहिले. समोर एक पाट मांडलेला होता, पाटापुढं पितळेची परात, आणि परातीशेजारी पाण्याची घागर.

बाबांनी वळून माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी विसरायची नाही. "तयारी करूनच ठेवली यायनं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हरलेला होता. ऐंशी किलोमीटर पोरीला घेऊन आलो आणि आता शिवेवरच, सगळ्या वस्तीसमोर पाय धुवायला लावणार, असं त्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं. इथं तर जाऊन बसायला गोठाही नव्हता. मी मनात म्हटलं, आता हे मागे फिरले तर मी अडवणार नाही. माझा हट्ट मला पहिल्यांदा त्या जागी नकोसा झाला.

गुरुजींचे वडील पुढं आले. काळेसावळे, सडपातळ, अंगात नवी कोरी बंडी, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. मराठी थोडं अडखळत बोलायचे, व्याह्याला समधी म्हणायचे.

"बसा, समधी."

"मी?" बाबा म्हणाले.

"तुमी. तुमी पोर देऊन राह्यले. आमी मांगनारे. मांगनाऱ्यानं वाकाव लागते ना?"

आणि बाबांना दंडाला धरून त्यांनी पाटावर बसवलं. स्वतः मातीत उकिडवे बसले, बाबांच्या वहाणा आपल्या हातांनी काढल्या, आणि पाय परातीत घेऊन धुवायला लागले. घाई नाही काही नाही. टाचांच्या भेगांत रोहण्याची काळी माती होती, ती बोटानं काढली. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. या वेळी तोंड भलतीकडं नव्हतं. ते त्या वाकलेल्या पाठीकडं बघत होते.

पाय पुसून झाल्यावर गुरुजींच्या वडिलांनी मामाला बसायची खूण केली. मुलीचा मामा, त्याचाही मान. मामा मागंमागं सरकायला लागला. "नाई नाई, माह्ये नका, माह्ये नका." मुलीकडचा म्हणून त्याच्या पायांना आयुष्यात कोणी हात लावलेला नव्हता. तेव्हा बाबा उठले, मामाचा हात धरला आणि म्हणाले, "बस रे. बस म्हनतो ना." मामा बसला आणि लहान पोरासारखा रडला.

लग्न लागलं. गोंडी गाणी, आमचे वाजंत्री, त्यांचे ढोल, सगळा गोंधळ. गुरुजींच्या आईनं मला आत घेताना तोंड काही हसरं केलं नाही, ते हसरं व्हायला पुढं दोन वर्षं लागली. पहिलं पोर झालं तेव्हा त्याच्या नावावरून दोन्ही घरं पुन्हा भांडली, आणि बाबा शेवटपर्यंत माझ्या सासरी जेवताना दहादा विचारायचे, "हे कायचं होय?" एका दिवसात माणूस बदलतो असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी माझा बाप मांडवात शेवटपर्यंत बसला. डोळे उघडे ठेवून.

त्यानंतरचं मी बघितलेलं नाही, आईनं सांगितलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक परत निघाला. केळझर आलं तशी बाबांनी ड्रायव्हरला गाडी आजोबांच्या घराकडं घ्यायला सांगितली. आजोबा ओसरीत खाटेवर बसले होते. जावई न सांगता दारात आलेला बघितला आणि धडपडून उठले, रांजणातून तांब्या भरून घेतला, आणि नेहमीसारखे वाकायला लागले.

बाबांनी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला. "बसा, मामाजी," सासऱ्याला म्हणाले.

म्हातारा बसेचना. त्याला वाटलं, जावई रागावला, पाणी नाकारलं, आता पोरीला इथंच टाकून जातो. हात जोडून विचारायला लागला, "काय चुकलं जावाईबापू? पोरीचं काई चुकलं का? पोराचं काई चुकलं का?"

बाबा खाली बसले आणि आजोबांचा पाय हातात घेऊन त्यावर पाणी घालायला लागले. आणि आई सांगायची, की पाय पुसून होईपर्यंत म्हातारा एकच विचारत होता, "काय चुकलं माह्यं? सांगा ना जावाईबापू, काय चुकलं?"